भोरसालीचं आवतण

माझी कातडी पंचाहत्तर वर्षांची झाली त्या दिवशी मी स्वतः पंचेचाळीस वर्षांची होते, डब्यात शेवग्याची भाजी होती आणि सकाळीच पार्किंगवरून वॉचमनशी माझं वाजलं होतं. म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखा होता.

नीट सांगते. मी योगिता गभाले. नाशिकला सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करते. झाडापाल्याचे अर्क काढायचे आणि त्यांनी म्हातारी त्वचा तरुण होते का ते तपासायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा होत नाही. पूर्वी हे कुणी फारसं विचारतही नसे. डबीवर 'दहा वर्षांनी तरुण दिसा' असं छापलं की संपलं. मग २०३८चा कायदा आला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. प्राण्यांवरचे प्रयोग बंद. दावा करायचा तर माणसाच्या त्वचेवर सिद्ध करा, आणि तेही तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, तीन वेगळ्या हातांनी. तिन्हीकडे निकाल सारखा आला तरच तो शोध. आणि कुणी मुद्दाम निकाल जमवला असं ठरलं, तर त्याचं नाव राष्ट्रीय यादीत जातं. त्या यादीतल्या माणसाला पुन्हा कुठली प्रयोगशाळा दारात उभं करत नाही.

आता माणसाची त्वचा आणायची कुठून? तर आमच्यासारख्यांकडून. माझ्या कानामागून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अकरा वर्षांपूर्वी काढला, तो डिशमध्ये वाढवला, आणि तेव्हापासून तो वाढतोच आहे. प्रयोगशाळेच्या भाषेत मी दाता क्रमांक एकेचाळीस. ही त्वचा ज्या यंत्रात ठेवतात त्याचं कागदोपत्री नाव 'त्वरित वार्धक्य संच' असं भारदस्त आहे. आम्ही त्याला म्हातारपेटी म्हणतो. आत उन्हासारखे दिवे, साखरेचं पाणी, थोडी ऊब, थोडा छळ. तीस दिवसांत त्वचेचं वय तीस वर्षांनी वाढतं. स्वतःच्याच सुरकुत्या भिंगाखाली बघताना पहिल्यांदा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जातो. मग सवय होते.

म्हातारी त्वचा म्हणजे काय, तर तिच्यात काही पेशी अशा असतात की त्या काम थांबवतात पण मरत नाहीत. घरात एखादा पाहुणा यावा, हातभार लावू नये, जायचं नाव घेऊ नये आणि वर घरातल्यांची भांडणं लावून द्यावीत, तशा. त्यांच्यातून जे रस झिरपतात त्यांनी शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात. त्वचा पातळ होते, लवचीकपणा जातो, जखम भरत नाही. या पाहुण्यांना घराबाहेर काढणारं आणि घरच्यांना धक्का न लावणारं औषध सगळं जग शोधत होतं.

त्या दिवशी मी माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या त्वचेवर भोरसालीच्या अर्काचे तीन थेंब टाकले. अकराव्या दिवशी मोजणी केली. जाडी, ताण, पाहुण्या पेशींची संख्या, सगळं यंत्रात घातलं. यंत्राने वय सांगितलं, अठ्ठेचाळीस.

मी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा अठ्ठेचाळीस.

"मॅडम," मी हाक मारली, "जरा इकडे येता का? आणि येताना ओरडणार नाही असं कबूल करून या."

आमच्या प्रमुख डॉ. मृणाल टिपणीस आल्या, पडदा पाहिला, आणि ओरडल्याच. चौदा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मिठी मारली. मला आनंदाने रडू आलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

ज्याची लाज वाटायला हवी ते वेगळंच होतं.

भोरसाल हे आमच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं लहानसं झाड. राखाडी साल, कड्याच्या कपारीत वाढतं, कुणी त्याला विचारत नाही. आमच्या कोंभाळवाडीत भातलावणीच्या दिवसांत बायका त्याची साल उगाळून हातापायांना लावतात, कारण दहा-पंधरा दिवस चिखलात राहून कातडी कुजते. दोन वर्षांपूर्वी मी गावी गेले होते. माझी ठमाआत्या, वय अठ्ठ्याहत्तर, तांदूळ निवडत बसली होती. तिचा चेहरा वयाचाच होता. पण हात! हात चाळिशीच्या बाईचे होते. मी रोज म्हातारी कातडी बघणारी बाई, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. स्वतःच्या घरातलं असलं की दिसत नाही.

"आत्या, हाताला काय लावतेस?"

"भोरसाल. दुसरं काय लावनार? तुपल्या कंपनीचं मलम का?"

तिने मला साल काढून दिली, पण लगेच नाही. आमच्याकडे औषधाला झाडाचं काही घ्यायचं तर आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यावं लागतं. लग्नाला देतात तसंच, आमंत्रण. आत्या संध्याकाळी झाडापाशी गेली. विळ्याच्या टोकाने सालीला तीन चिरे दिले, चिऱ्यांना हळद-कुंकू लावलं, बुंध्याला दोरा गुंडाळला, तांदूळ ठेवले आणि म्हणाली, "उद्या सकाळी यीन. लेकराबाळांच्या औषदाला नेते. राग धरू नको." मग दुसऱ्या दिवशी उजाडताना चिऱ्यांभोवतीची साल काढली.

नाशिकला येऊन मी नमुन्याचा फॉर्म भरला. 'गोळा करण्याची पद्धत' या रकान्यात लिहिलं: खोडाची साल, सकाळी सहा वाजता, विळ्याने. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात लिहिलं: स्थानिक माहितगार महिला.

आवतणाचं मी लिहिलं नाही. का, तर पुण्याला एम.एस्सी. करताना एकदा वर्गात ते सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "झाडाला पत्रिकापण छापता का हो?" वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मला मुलं 'पत्रिका' म्हणायची. तेव्हापासून मी विज्ञान आणि घर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायला शिकले. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. एक ओळ तेवढी गाळली होती.

कंपनीने भोरसालीची पन्नास किलो साल मागवली. ठेकेदाराच्या माणसांनी ती दोन दिवसांत सोलून आणली. अर्क काढला, पंचाहत्तर वर्षांच्या त्वचेवर टाकला. अकराव्या दिवशी वय आलं पंचाहत्तर.

वाटलं, हात चुकला. पुन्हा केलं. तेच. मग मी झपाटल्यासारखी मागे लागले. उंचावरची झाडं, खालची झाडं, कोवळी, जून, उन्हातली, सावलीतली. चार महिन्यांत एकवीस नमुने केले आणि एकवीस वेळा तोंडावर आपटले.

अर्कात काय काय आहे ते पाहायचं एक यंत्र असतं. अर्क एका बारीक नळीतून ढकलतात आणि त्यातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. एसटीतून माणसं उतरतात तसंच; मोकळ्या हातांची आधी, बोचकीवाली मागून. प्रत्येक पदार्थ उतरला की कागदावर एक उंचवटा उमटतो. माझ्या पहिल्या नमुन्यात सतराव्या मिनिटाला एक उंच शिखर होतं. पुढच्या एकवीस नमुन्यांत त्या जागी सपाट माळरान.

मार्चमध्ये टिपणीस मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"योगिता, मी एकदाच विचारते. पहिल्या अर्कात तू काही मिसळलंस का?"

"मॅडम, तुम्ही मला चौदा वर्षं ओळखता."

"म्हणूनच मी विचारतेय. चौकशी समिती आली की ती विचारणार नाही, सरळ लिहील." त्यांचे डोळे लाल होते. "सतराव्या मिनिटाचा पदार्थ जगात कुठल्याच झाडात नोंदलेला नाही. एकदाच सापडला, तोही फक्त तुझ्या हातून. तूच सांग, मी काय समजू?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. खरोखरच ठाऊक नव्हतं. चौकशी संपेपर्यंत रजा, असं पत्र हातात पडलं. दाराशी माझं कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. ज्या वॉचमनशी मी रोज भांडायचे, तोच बिचारा खाली मान घालून उभा राहिला. ते मला जास्त लागलं.

मी गावी गेले. आठ दिवस तोंड फुगवून पडवीत बसून होते. राष्ट्रीय यादीत नाव गेलं की पुढे काय करायचं, तेच डोक्यात. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं काही शिकायचं वय नसतं, आणि मला दुसरं काही आवडतही नव्हतं. आत्याने पहिले तीन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवसापासून टोमणे सुरू केले.

नवव्या दिवशी शेजारच्या सुनेच्या टाचा फुटल्या म्हणून आत्या भोरसालीला निघाली. मीही पाय मोकळे करायला सोबत गेले. ऊन कलत होतं.

"आत्ताच सोलून घे की," मी म्हटलं. "परत उद्या कोण चढणार?"

"आवतणाबिगर?"

"काय फरक पडतो?"

"तू मोठी शास्तरवाली, तुला ठावं," ती म्हणाली आणि विळा काढला. मग कनवटीला चाचपलं. "आरं देवा, कुकवाची डबी घरीच ऱ्हायली. ऱ्हाऊ दे. नुसत्या तांदळावर भागंल." तीन चिरे दिले, दोरा बांधला, तांदूळ ठेवले, तिचं ते बोलून झालं आणि आम्ही उतरलो.

सकाळी परत गेलो तेव्हा मी त्या झाडापुढे उभीच राहिले. तिन्ही चिऱ्यांभोवती बोटभर रुंद लालभडक कडा उमटली होती.

"आत्या, कुंकू तर आणलं नव्हतंस ना?"

"डोळं फुटलं का माझं? म्हनलं ना घरी ऱ्हायलं."

"मग हे लाल काय आहे?"

"त्ये व्हतंच. दर येळी व्हतं."

दर वेळी होतं! पहिल्या वेळीही झालं असणार. पण तेव्हा चिऱ्यांना कुंकू फासलेलं होतं. मी लाल रंग पाहिला होता, तो माझ्या हाताला लागला होता, आणि मी तो धुऊन टाकला होता. मी, जिला रंग आणि डाग ओळखायचा पगार मिळतो, तिने झाडाचा रस कुंकू म्हणून पुसून टाकला. एखाद्या परक्या माणसाने निदान विचारलं असतं की हे लाल काय आहे. मला माहीत होतं ना, कुंकू आहे म्हणून!

मी तिथेच खडकावर बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. आत्याला वाटलं, माझं डोकं फिरलं.

पण एका झाडावरून काही ठरत नाही. शेजारच्या भोरसालीची साल मी चिरे न देता लगेच काढली, आत्याच्या शिव्या खात. आतून पांढरी. मग आणखी पाच झाडांना संध्याकाळी चिरे दिले. ना दोरा, ना तांदूळ, ना शब्द. सकाळी पाचही झाडं लाल. दर दोन तासांनी जाऊन पाहिलं असतं तर बरं, पण आत्याने बिबट्याची भीती घालून घरात बसवलं.

आता कोडं सुटत होतं. झाडाला पळता येत नाही. किडा चावला, जनावराने ओरबाडलं, तर ते जागच्या जागी लढतं. जखम झाली की निरोप जातो आणि पुढच्या काही तासांत त्या जागी औषध तयार होऊ लागतं. बऱ्याच वनस्पती हे करतात, पाठ्यपुस्तकात आहे. भोरसाल ते रातोरात करत होती. ठेकेदाराची माणसं साल कापून पोत्यात भरत होती. त्या सालीला लढायला रात्र मिळतच नव्हती. आमच्या बायका मात्र शेकडो वर्षं झाडाला आधी सांगत होत्या, आणि झाड तयारीत राहत होतं.

मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, गाळलेल्या ओळीसकट.

"समितीला हे सांगायचं?" त्या म्हणाल्या. "की आधी झाडाला आमंत्रण द्यायचं राहून गेलं?"

"सांगायचं नाही. दाखवायचं. इथे बोलवा त्यांना."

समितीतर्फे डॉ. देवतळे आले. नागपूरचे, उंचेपुरे, कपाळावर कायम आठी. बरोबर मॅडम आणि ब्रीफकेसमध्ये मावणारं अर्क तपासायचं यंत्र. आल्या आल्या त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मी काय म्हणतो, आत्ताच साल काढून घेऊ ना. मला सहा वाजता निघावं लागते."

"आज चिरा, उद्या साल," आत्या म्हणाली. "तुमास्नी घाई हाय. झाडाला न्हाई."

"पण बाई, उद्या नागपुरात माझी बैठक आहे."

"बैठकीला तुमच्यावाचून अडत आसंल तर जा. पर त्यापायी आवतण मोडायचं न्हाई."

देवतळ्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे, मी आभाळाकडे. ते राहिले. झाडं त्यांनी स्वतः निवडली, दोन, पाच फुटांच्या अंतरावर. एकाला स्वतःच्या चाकूने स्वतः चिरे दिले. दोन्ही बुंध्यांना सीलपट्टी गुंडाळून सह्या केल्या. आत्या शेजारी उभी राहून झाडाची समजूत काढत होती, तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला हे आवडलं. दिसेल ते लिहिणारा माणूस होता.

जेवणं झाल्यावर ते पडवीत फाइल चाळत बसले आणि मूळ फॉर्म मोठ्याने वाचू लागले. "माहितीचा स्रोत, स्थानिक माहितगार महिला. ही कोण? त्यांनाही भेटायला हवं."

आत्याने भांडी घासता घासता मान वर केली. "कोन हो ती? आपल्या वाडीतली का?"

मी म्हटलं, "तूच आहेस, आत्या."

"मंग नाव का न्हाई घातलं?"

"लाज वाटली." दुसरं काही सुचलंच नाही, आणि खरं तेच होतं. "तुझी नाही. आपल्या आवतणाची. लोक हसतील असं वाटलं."

ती उठून आत गेली. तिच्या शिव्या मला पाठ आहेत, पण हे मुकाट उठून जाणं मला सोसलं नाही. मी तिच्यामागे चुलीपाशी जाऊन बसले. "मला माफ कर," म्हटलं. चुलीतलं लाकूड आत सारत ती म्हणाली, "मपलं नाव लहान हाय. रकान्यात बसलं आसतं."

सकाळी देवतळ्यांनी स्वतः सील फोडलं. चिऱ्यांचं झाड लाल, दुसरं पांढरं. तिथेच अर्क काढला आणि यंत्राला लावला. आधी पांढऱ्या सालीचा. वीस मिनिटं गेली, सतराव्या मिनिटाला माळरान. मग लालचा.

आम्ही चौघं त्या इवल्याशा पडद्याभोवती दाटीवाटीने बसलो होतो. पाचव्या मिनिटाला एक उंचवटा, नवव्याला दोन, बाराव्याला बारकासा. पंधरा. सोळा. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. सतरावं मिनिट लागलं आणि रेघ वर चढू लागली. चढली, चढली, पडद्याच्या बाहेर गेली. देवतळ्यांना मोजपट्टी दोनदा बदलावी लागली.

"अरे बाप्पा," ते म्हणाले. कपाळावरची आठी पहिल्यांदा गेली. "पांढऱ्या सालीच्या चाळीस पट!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मी तुझ्यावर संशय घेतला."

"घ्यायलाच हवा होता," मी म्हटलं. "माझ्या फॉर्मवर मीही विश्वास ठेवला नसता." मग आम्ही दोघी रडलो आणि आत्या म्हणाली, आधी चहा घ्या, मंग रडा.

पुढचे सहा महिने मी आयुष्यात कधी केलं नाही इतकं काम केलं. डोंगरातल्या झाडांना हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. भोरसालीच्या पानातून प्रयोगशाळेत हजारो रोपं वाढवली, कुंड्यांत. मग आवतणाचे तुकडे करून एकेक तपासला. काही रोपांना नुसता दोरा, काहींना नुसते तांदूळ, काहींना नुसते शब्द, काहींना नुसता चिरा. निकाल स्वच्छ होता. दोऱ्याने काही होत नाही, तांदळाने होत नाही, शब्दांनी होत नाही. चिरा आणि रात्र, एवढंच खरं काम करतं.

हे आत्याला सांगायला मी मुद्दाम गेले. भीत भीतच.

"शब्दांनी झाडाला काही होत नाही, आत्या. नीट तपासलं."

"झाडाला काह्यला व्हईल?" ती म्हणाली. "त्ये आपल्याला आसतं. 'लेकराबाळांच्या औषदाला नेते' आसं तोंडानं म्हनलं, का मंग पोतं भरून न्यायचा धीर व्हत न्हाई."

ठेकेदाराची पन्नास किलो मला आठवली. मी चहा प्यायले.

अंतिम कृतीपत्र लिहायची वेळ आली तेव्हा मुख्य कचेरीतून दुरुस्ती आली. 'आवतण' हा शब्द काढून 'प्राथमिक इजा, बारा तास' असं लिहावं. आणि शोधकांच्या नावांत फक्त कर्मचारी असावेत. मी परत लिहून पाठवलं की तसं असेल तर पहिलं माझं नाव काढा. अर्ध्या तासाने फोन वाजला. कुणीतरी समजावू लागलं की हे शास्त्रीय कागदपत्र आहे, त्यात असं बरं दिसत नाही.

"तेच मला वाटलं होतं," मी म्हटलं. "त्या वाटण्यापायी कंपनीचं एक वर्ष गेलं आणि माझी अब्रू जायची राहिली. आता एकही ओळ गाळणार नाही."

टिपणीस मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला. "आणि मीही सही करणार नाही," असं म्हणून ठेवून दिला. मुख्य कचेरीने आठ दिवस फुगून पाहिलं. मग पान तसंच परत आलं. पायरी पहिली: आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यावे, म्हणजे सालीला तीन चिरे द्यावेत. शोधक: ठमाबाई गभाले, योगिता गभाले, मृणाल टिपणीस. परिशिष्टात आत्याचे शब्द, भाषांतरासह, आणि खाली माझी टीप: शब्दांचा निकालावर परिणाम आढळला नाही, म्हणणे आवश्यक नाही.

रोपं, कृतीपत्र आणि म्हाताऱ्या त्वचेचे नमुने तीन प्रयोगशाळांत गेले. हैदराबादचा निकाल आला, पन्नास. लखनौचा आला, एकोणपन्नास. तिसरी प्रयोगशाळा दक्षिण कोरियात, बुसानला. ज्या दिवशी त्यांचा निकाल यायचा त्या दिवशी आत्याला नाशिकला आणलं होतं. ती माझ्या स्टुलावर बसून भिंगातून माझीच कातडी बघत होती. "आगं, ही तर मपल्यापेक्षा म्हातारी!" म्हणून सगळ्यांना हसवत होती.

दुपारी चारला पडद्यावर सो-यन दिसली. तिथली तंत्रज्ञ, तिशीची मुलगी, फार गंभीर. ती बोलायची तशी खाली मराठी अक्षरं उमटायची.

"नमुने तीस. तिसांपैकी तीस यशस्वी. सरासरी वय अठ्ठेचाळीस."

प्रयोगशाळेत काय गोंधळ झाला तो सांगत नाही. मॅडम टेबलावर चढल्या होत्या एवढंच सांगते. कुणीतरी वॉचमनलाही वर बोलावून पेढा भरवला.

सो-यन मात्र हसत नव्हती. ती थांबून राहिली होती. गडबड कमी झाल्यावर म्हणाली, "एक गोष्ट नोंदवायची आहे. कृतीपत्रापेक्षा काही वेगळं केलं तर ते लिहावं लागतं. आम्ही एक वेगळं केलं. शब्द आवश्यक नाहीत असं तुम्ही लिहिलं होतं. तरी मी ते म्हटले. तिसाही रोपांना. चाकू लावताना न बोलता लावायला मला बरं वाटेना. मी हे 'विचलन' या रकान्यात लिहिलं आहे, माझ्या नावासह. त्यामुळे निकाल रद्द होतो का?"

मी पडद्याजवळ सरकले. ती तिशीची पोर, साडेतीन हजार मैलांवर, सगळ्यांसमोर सरळ उभी राहून सांगत होती की मी झाडाशी बोलले, आणि तसं लिहिलं आहे.

"नाही," मी म्हटलं. "रद्द होत नाही. तसंच राहू द्या."

आत्याने माझी बाही ओढली. "काय म्हनती ती?"

मी सांगितलं.

"कोंच्या भाषेत बोलली झाडाशी?"

"तिच्याच. कोरियन."

आत्याने क्षणभर विचार केला आणि पडद्याकडे पाहून समाधानाने मान हलवली.

"मंग बरूबर हाय. रोप तिच्याच घरी वाढलंय. मराठी त्याला कुठून कळायची?"